डावा पाय

पहिलंच सांगतो, क्लिकवर मी वाजवत नाही.
कानात कुणी टिकटिक मोजत बसलं
की वाटतं, हजेरीच्या रांगेत उभा आहे,
अंगठा लाव, आत. अंगठा लाव, बाहेर.
ते सहा दिवस चालूच असतं.
डक्टच्या कारखान्यात पत्रा वाकवतो मी,
चोवीस गेज, जस्ताचा.

म्हणून झांजेबद्दल माझं मत फुकटचं नाही.
नवी महागडी झांज पावडर लावून आल्यासारखी वाजते.
तिला पडू दे. तडा जाऊ दे.
तडा जिथं संपतो तिथं ड्रिलनं भोक पाडायचं,
मग तो पुढे सरकत नाही.
माझ्या राइडला अशी दोन भोकं आहेत.
आता बोलते ती. आधी नुसती चकाकायची.

आणि डबल पेडल नको.
दोन पायांनी धावून पोचायचंय कुठे?

सेट घेतला एका स्कॉटिश सर्व्हेयरकडून,
मस्कत सोडून निघाला होता तो.
दीडशे रियाल, स्टुलासकट,
बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला तो वर फुकट.
बास ड्रममध्ये लोक उशी कोंबतात.
माझ्यात माझीच जुनी डांगरी आहे,
खिशावर कंपनीचं नाव.
प्रत्येक लाथ बरोबर तिलाच बसते.

प्रभाव कुणाचा, असं फुर्तादोच्या मित्रांनी विचारलं.
लांब केसांची नावं ऐकायची होती त्यांना.
मी म्हणालो, बापू खोतांची गिरणी,
कवठे महांकाळ.
ऑइल इंजिन होतं, धुराड्यावर डबा पालथा घातलेला.
जोंधळा पडला की ठोका जाड व्हायचा,
दळण संपत आलं की उडता, हलका,
आणि मधेच एखादा ठोका इंजिन गिळायचं.
पुक पुक पुक
आणि काही नाही.
मी डोक्यावर डबा घेऊन तसाच उभा,
पापण्यांवर पीठ.
पुढचा ठोका येईस्तोवर जे काही होतं
त्याला मी रॉक म्हणतो.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आमची जागा घलामध्ये, टायरच्या गोदामामागे.
गिटारवर फुर्तादो, बासवर डॅनिलो,
गातो सैफ, माइक खाल्ल्यासारखा.
जूनमध्ये एसी गेला की प्लॅस्टिकची कातडी ढिली पडते,
टॉम डबक्यात दगड टाकल्यासारखे वाजतात.
आमच्याकडे हलगी जाळावर धरून चढवायचे.
इथे उन्हाची काय कमी,
पण कातडंच बकरीचं नाही.

त्या रात्री दारात टॉर्च दिसली.
वॉचमन शेरजमान. म्हटलं, आली तक्रार.
सैफ माफी मागायला पुढे झाला
त्याला बाजूला सारून म्हातारा माझ्याकडे आला,
हाय-हॅटकडे बघत म्हणाला,
डावा पाय उशिरा येतो तुझा.

अकरा वर्षं मी त्याला माझी स्टाइल म्हणत होतो.

दीरकडचा तो. लग्नांत ढोल वाजवायचा,
मग तिकडे वाजवणंच बंद झालं.
एवढंच सांगितलं, तेही फरशीला.
मग खाली बसून त्यानं तळवा माझ्या गुडघ्यावर ठेवला,
म्हणाला, वाजव.
जिथं मी रेंगाळतो तिथं दाबला.
हॅट मिटली, चक्क वेळेवर.
डॅनिलोनं मान वर केली. फुर्तादो म्हणाला, आयला.
गाणं सरळ चाललं, नव्या हायवेसारखं,
आणि मला झोप यायला लागली.

त्यानं हात उचलला.
पाय पुन्हा मागे राहिला.
थोडा वेळ ऐकलं त्यानं, मान वाकडी करून,
मग विचारलं,
हा उशिरा येतो, की थांबतो?

मला सांगता आलं नाही.
मी स्नेअरचा नट पिळत बसलो, जो घट्टच होता.
शेरजमाननं एक टायर ओढून घेतला,
त्यावर बसला,
आणि सेल वाचवायला टॉर्च बंद केली.